ठसा कुणाचा, नाव कुणाचं

कोल्हापूरला कलापूर म्हणवून घ्यायची हौस आहे, आणि ती अगदीच पोकळ नाही. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर, चंद्रकांत मांढरे ही नावं इथं चित्रकारांच्या घराबाहेरही माहीत असतात. रंकाळ्याच्या काठावर कुणी जलरंग घेऊन बसलं, तर फिरायला आलेली माणसं मागं उभी राहून "आभाळ जरा जास्त झालं" म्हणून मोकळी होतात. अशा गावात मुद्राचित्रं करणाऱ्याची पंचाईत वेगळी. त्याच्याकडं इझल नसतं, ब्रश फारसा नसतो, हात काळे असतात आणि खोलीत एक लोखंडी धूड असतं. मुंबईत शिकून मी परत आले, घराच्या मागच्या खोलीत प्रेस बसवला आणि इथंच राहिले. अधूनमधून कॉलेजातली मुलंमुली काही विचारायला येतात. त्यांना तोंडी सांगत आले ते इथं लिहून ठेवते आहे. क्रम लावलेला नाही.

१. "म्हणजे झेरॉक्सच की!" या वाक्यावर चिडू नये.

शाहू स्मारकाच्या दालनात प्रदर्शन लावा, हे वाक्य पहिल्या तासात ऐकू येतं. वाद घालण्यात अर्थ नसतो. मी टेबलावर जस्ताचा कोरलेला पत्रा ठेवते आणि त्याच्या शेजारी त्याचाच छाप. माणूस पत्र्यावरून बोट फिरवतो, मग कागदावर दाबाने उठलेल्या कडेवरून फिरवतो, आणि पुढचं बोलणं आपोआप नीट होतं. तैलचित्राचा फोटो काढून छापला तर ती प्रत, कारण मूळ चित्र दुसरीकडं आहे. इथं पत्र्यावर चित्र उलटं, शाईशिवाय, अर्धवट असतं. ते पुरं होतं कागदावरच. त्यामुळं प्रत्येक कागद मूळच.

पुढचा प्रश्न खालच्या पेन्सिलीच्या आकड्यांचा. ३/१० म्हणजे दहांपैकी तिसरा. एका काकांनी मला सरळ विचारलं होतं, "तिसरा म्हणजे तिसऱ्या दर्जाचा न्हवं?" एचिंगच्या बाबतीत उत्तर सोपं आहे: पहिला आणि दहावा सारखेच. पण ड्रायपॉइंटमध्ये काकांच्या शंकेत दम आहे. तिथं सुईनं पत्रा ओरखडताना कडेला जी बारीक धातूची कड उठते तीच शाई धरते आणि मखमली रेघ देते. दाबाखाली ती लवकर बसते. म्हणून ड्रायपॉइंटचे पहिले छाप खरंच भरदार असतात. गिऱ्हाइकाला हे सांगावं. लपवून काय मिळतं?

२. आपला पूर्वज मिरजेत शोधावा.

मुद्राचित्रण म्हटलं की आमची मुलं रेम्ब्रांपासून सुरुवात करतात, फार तर शांतिनिकेतनपर्यंत येतात. कोल्हापूरच्या मुलाला इतकं लांब जायचं कारण नाही. मिरजेला जाणाऱ्या गाडीत बसावं.

नाना फडणविसांच्या मनात भगवद्गीता छापायची होती. पुण्यात इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट होता, त्याच्या काळात पुण्यातल्या एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरण्याचं काम शिकवलं गेलं. १८०० साली नाना वारले आणि ते काम पुण्यात अडलं. तो कारागीर मिरजेच्या गंगाधरराव गोविंद पटवर्धनांच्या आश्रयाला गेला, आणि १८०५ मध्ये मिरजेत गीता छापून निघाली. अ. का. प्रियोळकरांनी भारतातल्या मुद्रणाचा इतिहास लिहिताना ही हकीकत नोंदवली आहे. त्याच १८०५ साली तिकडं बंगालात श्रीरामपूरला विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण सुटे खिळे जुळवून छापलं गेलं. पुढचं सगळं शतक खिळ्यांचं झालं, ते बरोबरच होतं. सुटे खिळे मोडून पुन्हा वापरता येतात, कोरलेला पत्रा एकाच पानाच्या कामाचा.

पण मला मिरजेचा तांबट जवळचा वाटतो. हंडे-घागरी घडवणारा माणूस. त्याच्यापुढं गीतेचे सातशे श्लोक आणि तांब्याचे पत्रे. कागदावर सुलटं यायचं तर पत्र्यावर उलटं कोरायचं. देवनागरी उलटी लिहून बघा म्हणजे कळेल. शिरोरेघ जागेवर राहते, पण ऱ्हस्व वेलांटी उजवीकडं जाते, दीर्घ डावीकडं येते, रफार भलत्याच बाजूला झुकतो आणि क्ष, ज्ञ ओळखू येत नाहीत. चित्रात डावं-उजवं झालं तर खपून जातं. गीतेत वेलांटी चुकली तर खपत नाही.

माझ्याकडं येणाऱ्या मुलांना मी पहिला अभ्यास हाच देते: स्वतःचं नाव लिनोवर उलटं कोरायचं. ट्रेसिंग पेपर, कार्बन, आरसा, काय लागेल ते वापरायला मोकळीक आहे. चित्र कोरायला दिलं तर मुलं हौसेनं सुरीच फिरवतात. नाव कोरायला दिलं की थांबून बघतात.

या हकीकतीत नाना आहेत, मॅलेट आहे, पटवर्धन आहेत. तांबट मात्र ‘एक तांबट’ आहे. ही गोष्ट पुढं पुन्हा येणार आहे.

३. प्रेस उद्यमनगरातून करून घ्यावा, पण कलेचं नाव काढू नये.

बाहेरून तयार एचिंग प्रेस मागवायचा तर किंमत ऐकूनच माणूस जलरंगाकडं वळेल. कोल्हापुरात त्याची गरज नाही. शिवाजी उद्यमनगर शेतकऱ्यांच्या ऑइल इंजिनांवर आणि बिडाच्या ओतकामावर वाढलं. तिथल्या लेथवर रोलर फिरवून घेणं ही काही अवघड मागणी नाही. याच गावात बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या मदतीनं १९१८ च्या सुमारास चालत्या चित्रांचा कॅमेरा घरच्या घरी बनवला आणि त्याच्यावर चित्रपट काढले. तेव्हा दोन रोलर आणि एक पाट म्हणजे किरकोळ काम.

मी पहिल्यांदा मिस्त्रींकडं गेले तेव्हा उत्साहानं कलेबद्दल बरंच बोलले. त्यांनी नकाशा उलटासुलटा करून बघितला. "ताई, हा तर रसवंतीचा चरक. ह्यात पिळायचं काय हाय?" मी म्हटलं, कागद. त्यांनी नकाशा घडी घालून परत दिला. तिथं शेजारच्या लेथवर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या कारागिरानं विचारलं, "रोलरला किती थाऊ चालंल?" म्हणजे रोलर फिरताना इंचाच्या हजाराव्या भागात किती फरक चालेल. तो प्रश्न आला आणि काम सुरू झालं. कारखानदाराशी बोलायचं ते मापात बोलावं. लांबी, व्यास, भार, फरक. ‘संवेदनशील’ हा शब्द वर्कशॉपमध्ये वापरू नये.

मापांबद्दल दोन-तीन गोष्टी. वरचा रोलर बारीक करून पैसे वाचवू नयेत. दाब दोन्ही टोकांच्या स्क्रूवरून येतो. रोलर बारीक असला तर मध्ये वाकतो, आणि छाप कडेला गडद व मध्ये फिका येतो. मग मुलं शाईला दोष देत बसतात. पाट लोखंडी असला तर उत्तम, पण जड. जाड हायलम चालतं, उचलायला सोपं, आणि स्विचबोर्डवाल्यांकडं मिळतं. थेट हँडलऐवजी गिअर घालून घ्यावा. तरुणपणी खांद्याची पर्वा नसते, पण प्रेस आपल्यापेक्षा जास्त वर्षं जगतो.

रोलर आणि कागद यांच्यामध्ये लोकरीचे जाड थर लागतात. त्यांच्यामुळं ओला कागद कोरलेल्या रेघेत ढकलला जातो आणि आतली शाई उचलतो. परदेशी फेल्टचे भाव मी इथं लिहीत नाही. पट्टणकोडोलीकडची घोंगडी ऊबदार असते, पण ती विणलेली, तिची वीण कागदावर उमटते. विणलेलं नको, दाबून बसवलेलं हवं. आपल्याकडं बुरणूस म्हणतात तो हाच प्रकार. जुना, वापरून मऊ झालेला, सारख्या जाडीचा बुरणूस मिळाला तर वरच्या थराला छान चालतो. चित्राला भिडणारा थर मात्र बारीक पोताच्या फेल्टचाच घ्यावा.

मशीन रंगवून झाल्यावर त्या म्हाताऱ्या कारागिरानं बाजूच्या पट्टीवर छिन्नीनं आपली आद्याक्षरं आणि साल ठोकलं. मला विचारलंसुद्धा नाही. बरं केलं.

४. आम्ल गुजरीत मिळतं, शहाणपण द्राक्षबागेत.

एचिंगमध्ये पत्र्यावर मेण-डांबराचा थर द्यायचा, सुईनं त्यात रेघा ओढायच्या, आणि पत्रा आम्लात सोडायचा. जिथं थर निघाला तिथं आम्ल धातू खातं. जास्त वेळ ठेवलं तर रेघ खोल, शाई जास्त, काळेपणा जास्त. जस्ताला वर्षानुवर्षं पातळ नायट्रिक वापरलं जातं. आपल्या गावात गुजरीतल्या सोनारांमुळं ते अपरिचित नाही. पण सोनार ते थेंबाथेंबानं वापरतो, आम्ही ट्रे भरून. तपकिरी धूर निघाला की समजावं, आपलं फुप्फुसही खाल्लं जातंय. बंद खोलीत नायट्रिक वापरणाऱ्याला मी माझ्या खोलीत घेत नाही, मग तो कितीही चांगला चित्रकार असो. आणि पातळ करताना आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीही नाही. हे शाळेत शिकवतात, तरी भिंतीवर लिहून ठेवावं लागतं.

गेली काही वर्षं मी जस्तासाठी नायट्रिक सोडलं आहे. त्याऐवजी मोरचूद आणि साधं मीठ सारख्या प्रमाणात पाण्यात विरघळवते. मोरचूद कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. तासगाव-मिरज भागातले द्राक्षवाले चुन्याबरोबर मिसळून त्याचं बोर्डो मिश्रण करतात आणि बागेवर फवारतात. आमच्या ट्रेमध्ये वेगळी गोष्ट घडते. जस्त विरघळतं आणि त्याच्या जागी तांबं लालसर-तपकिरी गाळ होऊन बाहेर पडतं. नायट्रिकचा तो तपकिरी धूर नाही. मऊ ब्रशनं गाळ हलवत राहायचं, नाहीतर तो रेघेत बसून काम थांबवतो. निळा रंग फिका पडला की द्रावणाचा दम संपला. तांब्याच्या पत्र्याला फेरिक क्लोराइड घ्यावं आणि पत्रा पालथा ठेवावा, म्हणजे गाळ आपोआप खाली पडतो.

उरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही. तांबं माशांना विष आहे, आणि आपल्या मोऱ्यांचं पाणी शेवटी पंचगंगेतच जातं. धुण्याचा सोडा घातला की तांबं-जस्त गाळ होऊन खाली बसतं. तो गाळून, वाळवून वेगळा ठेवावा. नदीच्या प्रदूषणावर चित्रं काढणारे आणि ट्रे मोरीत उलटे करणारे असे दोन्ही एकाच अंगात मी पाहिले आहेत.

राळेची भुकटी उडवून छटा आणायची असेल तर मास्क बांधावा, आणि भुकटी हवेत असताना शेगडी पेटवू नये. एवढंच.

५. पावसाळ्यात शाईशी भांडू नये.

कोल्हापूरचा जुलै-ऑगस्ट म्हणजे कागद न भिजवताच अर्धा ओला. बाहेरच्या पुस्तकांत दिलेला भिजवण्याचा वेळ इथं चालत नाही. कागद टिपकागदात दाबून ठेवावा आणि गालाला लावून बघावा: गार लागला पाहिजे, ओला नाही. छापलेले कागद पुठ्ठ्यांमध्ये दाबून वाळवायचे, पुठ्ठे रोज बदलायचे, नाहीतर बुरशीचे ठिपके ठरलेले. पावसाळ्यात मी छपाई कमी करते आणि कोरते जास्त. हातकागदापैकी आपल्या पुण्याच्या हातकागद संस्थेचा जाड कागद लिनो आणि लाकडी ठशांना छान आहे. एचिंगला त्याची चिकटी कमी-जास्त निघते, म्हणून गठ्ठ्यातला एक आधी छापून बघावा.

शाई जवसाच्या तेलातली. उन्हाळ्यात ती सैल होते, थंडीत घट्ट. याच गुणावर कृष्णा रेड्डी आणि मुंबईचे कैको मोती यांनी पॅरिसमध्ये हेटरच्या स्टुडिओत एक अख्खी पद्धत उभी केली: एकाच पत्र्यावर घट्ट आणि पातळ शाया मऊ-कडक रोलरांनी अशा चढवायच्या की त्या एकमेकींत मिसळत नाहीत, आणि सगळे रंग एकाच दाबात कागदावर येतात. त्याच्या आधी शंभराहून जास्त वर्षं मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर १८३१ साली मराठी पंचांग छापलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळी माणसं छापील पोथीला शिवायला तयार नसत, तेव्हा चरबीऐवजी तूप वापरून शाई केली, असं सांगतात. तेलाचं आणि माणसांचं गणित दोन्ही सोडवणारा मुद्रक होता तो. आम्हाला निदान दुसऱ्या गणितातून सुटका आहे.

६. चित्र बघून झालं की चित्राखालची ओळ वाचावी.

आता मिरजेच्या तांबटाकडं परत येते.

राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. तिथं छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. माझ्या आजीच्या देवघरातही एक होती. पण ही चित्रं रविवर्म्यानं ‘छापली’ असं आपण म्हणतो तेव्हा काय झालं ते विसरतो. तैलचित्रातला प्रत्येक रंग वेगळा काढायचा, त्या रंगापुरती आकृती वेगळ्या शिळेवर ठिपक्या-ठिपक्यांनी, उलटी, हातानं काढायची. रंगागणिक शिळा, कधी डझनाहून जास्त. मग तोच कागद प्रत्येक शिळेवरून केसाचाही फरक न होता जायचा. लक्ष्मीच्या गालावरचा गुलाबी रंग चार शिळांचा बनलेला असू शकतो, आणि त्या चारही शिळांवर ठिपके देणारा माणूस रविवर्मा नव्हता. पगारावर काम करणारे कारागीर होते. त्यांची नावं चित्रावर नाहीत. १९७२ मध्ये त्या छापखान्याला आग लागली आणि बरंच काही राख झालं.

हे फक्त आपल्याकडंच असं नाही. होकुसाईची मोठी लाट जगभर मगांवर आणि टी-शर्टांवर आहे. ती साधारण १८३१ ची, म्हणजे गणपत कृष्णाजींच्या पंचांगाच्याच सुमाराची. चित्र होकुसाईचं, लाकडी फळ्या कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, पैसा घालणारा प्रकाशक वेगळा. लाटेच्या टोकावरचा तो नखासारखा फेस कोरणाऱ्या माणसाच्या सुरीतून आला. नाव होकुसाईचं.

कोल्हापूरकरांनी तर या बाबतीत जास्त डोळे उघडे ठेवायला हवेत, कारण छापील चित्राच्या व्यवहारात आपलं गाव पहिल्यापासून आहे. म. वि. धुरंधर १८६७ साली कोल्हापुरात जन्मले, इथंच राजाराम हायस्कुलात शिकले, आणि पुढं त्यांची चित्रं पोस्टकार्डांवर आणि रविवर्मा प्रेसच्या कागदांवर फिरली. बाबूराव पेंटर आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः काढत. ‘कल्याण खजिना’ या १९२४ च्या चित्रपटाचं पोस्टर आज हाती असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत धरलं जातं. पोस्टरांच्याच परंपरेतले जी. कांबळे. सरकारी कचेऱ्यांत शिवरायांचं जे अधिकृत चित्र दिसतं ते त्यांचं. त्या चित्राखालून रोज जाणाऱ्या दहा माणसांना चित्रकाराचं नाव विचारून बघा. आणि ते छापणाऱ्याचं तर विचारूच नका.

चित्रकाराचं नाव लोक विसरतात याचं दुःख चित्रकार जाहीरपणे करतात. छापणाऱ्याचं दुःख करायला कुणी नसतं. म्हणून माझा एक नियम आहे. माझ्या चित्राला छपाईत कुणी हात लावला असेल, फळी कोरून दिली असेल, पत्रा पुसून दिला असेल, तर त्याचं नाव मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं जातं. विद्यार्थी असला तरी. काही मंडळींना हे आवडत नाही, कारण त्यामुळं ‘कलावंताचा हात’ कमी झाल्यासारखं वाटतं. मला तसं वाटत नाही. युरोपातल्या चांगल्या छापखान्यांत मुद्रकाचा छोटा कोरडा शिक्का कागदाच्या कोपऱ्यात उठवतात आणि त्यानं चित्रकाराची किंमत उतरल्याचं ऐकिवात नाही.

७. दहाच छाप काढून उरलेल्या पत्र्यावर रेघ मारायची घाई करू नये.

छाप मोजके ठेवायचे, संख्या संपली की पत्रा आडव्या रेघेनं बाद करायचा, हा बाजाराचा शिष्टाचार आहे. तो पाळावा, म्हणजे कबूल केलेली संख्या मोडू नये. पण मुळात संख्या इतकी कमी का ठेवायची? लिनोकट शेकडो प्रती देतो. चित्तप्रसाद दुष्काळातल्या बंगालमधून आले, मुंबईत अंधेरीला राहिले आणि त्यांनी आयुष्यभर लिनो कोरला. लिनो घेण्याचं कारणच ते होतं: स्वस्त सामान, प्रेस नसला तरी चालतो, आणि चित्र गरीब माणसापर्यंत जातं. आज त्यांचे छाप लिलावात जातात आणि आम्ही मात्र दहाच छाप काढून त्यांना दुर्मीळ म्हणवतो. दुर्मीळपणा काळ आणतो, चित्रकारानं आधीच आणायचं कारण नाही.

माझा हिशेब असा: एचिंग थोडे आणि महाग, कारण त्यात दिवस जातात. लिनो आणि लाकडी ठसे भरपूर, आणि किंमत अशी की शिक्षकाला महिन्याच्या पगारातून सहज घेता यावं. प्रदर्शनात सगळ्यात आधी हेच जातात. घेणारे बहुतेक वेळा आयुष्यात पहिल्यांदा चित्र विकत घेत असतात.

अलीकडं कॉम्प्युटरच्या उत्तम इंकजेट प्रतींनाही आकडे घालून ‘लिमिटेड एडिशन प्रिंट’ म्हणून विकतात. विकावं. पण ते काय आहे हे स्पष्ट लिहावं. घेणाऱ्यानं जवाहिऱ्याचं भिंग घेऊन जावं: भिंगाखाली रंगाचे सारखे बारीक ठिपके विखुरलेले दिसले तर ती प्रिंटरची प्रत. एचिंगमध्ये रेघ कागदावर किंचित उठलेली असते आणि चित्राभोवती पत्र्याची दबलेली चौकट असते. हात फिरवू दिला तर फिरवावा.

८. कॉलेज सुटलं की प्रेस सुटतो.

चांगली मुद्राचित्रं करणारी मुलं पुढं जाहिरातीत, ॲनिमेशनमध्ये किंवा शाळेत जातात. त्यात गैर काही नाही, पण बहुतेकांचं कारण एकच असतं: यंत्र नाही. चित्रकाराला खोलीचा कोपरा पुरतो, यांना टनभर लोखंड लागतं. म्हणून भोपाळच्या भारत भवनात, दिल्लीच्या गढीत अशा सामायिक कार्यशाळा निघाल्या, आणि एका पिढीला त्यांनी तारलं. कोल्हापूरसारख्या गावात एका प्रेसभोवती पाच-सहा जणांनी एकत्र येणं अवघड नाही. तालमी चालवणारं गाव आहे हे. वर्गणी कशी काढायची ते आपल्याला शिकवावं लागत नाही.

तोवर, ज्यांच्याकडं प्रेस नाही त्यांनी लाकडाकडं वळावं. शिवणीचं लाकूड मऊ, सुरीला सोपं. बांबूचा चमचा किंवा वाटीचं बूड घासून हातानं छाप घ्यावा. जपानी लोकांनी प्रेस नसताना काय केलं ते सगळ्यांसमोर आहे.

९. भंगारवाल्याच्या आधी पोचावं.

ऑफसेट आल्यावर गावोगावचे ट्रेडल छापखाने बंद पडले. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, निपाणी, कुठंही जुन्या छापखान्याच्या मागच्या खोलीत अजून खिळ्यांच्या केसा, लग्नपत्रिकांचे गणपतीचे ब्लॉक, तमाशाच्या हँडबिलांसाठी लाकडात कोरलेली मोठी अक्षरं निघतात. जस्ताचे ब्लॉक किलोवर विकले जातात. लाकडी अक्षरं बंबात जातात. मी त्यातले काही वाचवलेत, पण एका माणसाचं ते काम नाही.

शिळाछापाच्या शिळांची तर कुणाला ओळखच राहिलेली नाही. करड्या किंवा पिवळसर रंगाचा, अतिशय बारीक कणाचा चुनखडीचा दगड, एक तोंड आरशासारखं सपाट, बाकीची खडबडीत. कपडे धुवायला ठेवलेला असा एक दगड मी पाहिला आहे. त्याच्या पालथ्या बाजूला अजून उलट्या अक्षरात एका औषधाच्या लेबलाचा काही भाग दिसत होता. घरच्या बाईंनी तो दगड दिला नाही, कारण कपडे त्याच्यावर चांगले निघतात. त्यांचं बरोबर होतं. मी त्या लेबलाचा फोटो घेऊन आले.

तुमच्या आजोबांचा, चुलत्यांचा छापखाना होता का, एकदा विचारा. माळ्यावर काय आहे ते भंगारात देण्याआधी कुठल्याही कला महाविद्यालयात एक फोन करा. आणि घरात रविवर्मा प्रेसची किंवा पुण्याच्या चित्रशाळेची जुनी देवाची तसबीर असेल, काच फुटली म्हणून नवी चौकट करायला टाकणार असाल, तर फ्रेमवाल्याला आधीच बजावून सांगा की चित्राखालची पांढरी पट्टी कापायची नाही. प्रेसचं नाव तिथंच छापलेलं असतं, आणि फ्रेमवाले तीच पट्टी पहिल्यांदा कापतात.